चाळीस मीटर दगड, दोन मीटर थर

मी एक दगड बोलतोय. वाटेत ठेच लावणारा नव्हे हं! यंत्राने जमिनीच्या पोटातून कापून काढलेला, मनगटाएवढा जाड आणि तुकडे जोडले तर चाळीस मीटर लांब. अंगात तांबं. त्यामुळे सुरुवातीला माझा तोराही तेवढाच लांब होता.

बाहेर आलो तेव्हा काय कौतुक झालं म्हणून सांगू! सगळ्यांनी माझे फोटो काढले. मग करवतीने मला उभं चिरलं. अर्धा मी प्रयोगशाळेत गेलो. उरलेला अर्धा, उद्या कुणी शंका काढली तर दाखवायला, शेडमधल्या दहा खोक्यांत निजलो.

शेडमध्ये राज्य बाईंचं. बाई म्हणजे कंपनीच्या भूगर्भतज्ज्ञ. अंघोळ घालावी तशा मला पुसायच्या आणि पुसता पुसता घरचं सगळं सांगायच्या. त्यांच्या दादांनी निवृत्तीचे पैसे याच कंपनीच्या शेअरमध्ये घातले होते. "नको म्हटलं होतं मी," बाई म्हणायच्या, "ऐकतोय कुठला!"

तपासणीचा निकाल आला आणि कंपनीचे साहेब नाचतच शेडमध्ये शिरले. "चाळीस मीटर तांबं! उद्या गुंतवणूकदारांसाठी जाहीर करू. बाई, खाली तुमची सही लागेल."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाईंनी मात्र कोनमापक काढलं. माझ्यातला चमकदार पट्टा आडवा नव्हता, लांबीच्या दिशेनेच धावत होता.

"अरे लबाडा," त्या पुटपुटल्या, "तू थर सरळ ओलांडलाच नाहीस. त्याच्यातून तिरका चालत गेलास!"

पावातल्या पातळ जॅममधून सुरी त्याच दिशेने फिरवली तर ती टोकापर्यंत माखते. म्हणून काही जॅम पावाएवढा जाड होत नाही. थर होता दोन मीटरचा. माझी हवाच गेली.

"चाळीस खोटं आहे का?" साहेबांनी विचारलं.

"खोटं नाही, अर्धवट आहे. खरी जाडी पहिल्या ओळीत येईल, तरच सही."

साहेब पाय आपटत गेले, तोच दादांचा फोन आला. बाई स्पीकरवर बोलत.

"काय गं, मोठी बातमी आहे म्हणे! आणखी शेअर घेऊ?"

सगळ्यांच्या आधी एकट्याला सांगणं हाही नियमभंगच. बाई म्हणाल्या, "जाहीर झालं की वाच, दादा. आत्ता काही विचारू नकोस."

फोन ठेवून त्या माझ्यावर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मला वाटलं, त्यापेक्षा मी जमिनीतच बरा होतो.

बाईंच्या सहीवाचून साहेबांचं चालेना; दुसऱ्या दिवशी दोन मीटर जाहीर झाले, शेअर कोसळला. तिसऱ्या दिवशी दादा शेडच्या दारात उभे.

"सख्खी बहीण ना तू? एक शब्द बोलली असतीस तर?"

बाईंचे डोळे भरले. "बाकीच्यांच्या बहिणी नाहीत रे इथे, दादा."

दादा आत आले. मग स्टूल ओढून माझ्यापाशी बसले. "दाखव तरी, कुठे आहे तो तुझा पट्टा." बाईंनी त्यांचं बोट धरून माझ्या अंगावरून फिरवलं.

आता मी तळाच्या फळीवर असतो. धूळ बसते, बाई पुसतात. कधी बघायला आलात तर माझ्या लांबीवर भाळू नका, थराची जाडी विचारा. दोन मीटर. सांगायला मला आता लाज वाटत नाही.