अहो मेजू, बसा

मी एक जुना तोंडपट्टा आहे. चावऱ्या कुत्र्याच्या तोंडावर चढवतात तो, चामड्याच्या पट्ट्यांचा, जाळीसारखा. तुमच्याकडे मळणीच्या वेळी बैलाला मुसकं बांधत असत ना, त्याचा मला धाकटा भाऊ समजा. मित्रांनो, माझं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगतो, मी मनाचा फार मोठा नाही. मला दुसऱ्याचं चांगलं झालेलं पटकन बघवत नाही.

कोरियातल्या मोक्पो बंदरात बूट शिवणाऱ्या एका कारागिरानं मला घडवलं. त्याच चामड्याचा उरलेला तुकडा घेऊन त्यानं एक गळपट्टाही केला आणि त्याला पितळेची घंटी लावून तो दुकानाच्या काचेत मांडला. येणारं जाणारं थांबून म्हणायचं, "अगं बाई, किती गोड!" मी मात्र मागच्या फळीवर धूळ खात पडलो होतो. शेवटी बांगबाई आल्या. गावामागच्या टेकडीवर त्या टाकून दिलेल्या कुत्र्यांचं आसरा-घर चालवतात. मला हातात घेऊन त्या म्हणाल्या, "नाइलाजानं घ्यावा लागतोय." गळपट्ट्याला 'गोड' आणि मला 'नाइलाज'! तेव्हापासून माझ्या मनात जी आग धुमसते आहे, ती काही विझली नाही.

आसरा-घरात मला पुष्कळ काम होतं. कुणाला सुई टोचायची असली, कुणाचे केस कापायचे असले, की मला शोधत. पण कुत्र्याला घर मिळालं की गळपट्टा त्याच्याबरोबर मोटारीत बसून जाई, साखळी जाई, फाटकी गोधडीसुद्धा जाई. मी तेवढा मागे राही. कुणाला आपल्या नव्या घरात मी नको असे.

मग मेजू आला. आंबवण्यासाठी टांगून ठेवलेली सोयाबीनची वीट असते ना, तसा तपकिरी, चौकोनी तोंडाचा कुत्रा, म्हणून त्याचं नाव मेजू. दगड कापण्याच्या एका कारखान्याच्या आवारात तो आखूड साखळीला बांधलेला होता. तिथला मालक "बस!" म्हणून ओरडे आणि मेजू बसण्याच्या आधीच झाडूचा दांडा त्याच्या पाठीत बसे. मेजूला सोडवून आणलं, पण त्याचं चावणं काही सुटलं नाही. मला त्याच्या तोंडावर चढवायचं म्हणजे चार माणसं लागत. एकदा चढलो की मात्र त्याचा गरम श्वास माझ्या चामड्यातून जाई, त्याच्या जबड्याची प्रत्येक हालचाल मला समजे. त्याच्या इतकं जवळ दुसरं कुणीच नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं की मेजू माझा.

बांगबाईंनी त्याच्यासाठी घर शोधलं. एक तरुण जोडपं त्याला घेऊन गेलं. नवरा कौतुकानं "बस!" म्हणाला आणि मेजूनं त्याची बाही फाडली. मेजू परत आला. पुढे नाशपातीची बाग असलेलं एक कुटुंब आलं. "मोकळी जागा आहे, शांत होईल," असं म्हणत त्यांनी नेलं. तिथल्या थोरल्या मुलानं खाऊ दाखवत "ए, बस!" म्हटलं आणि त्याच्या हाताला टाके पडले. मेजू पुन्हा परत.

बांगबाई त्या दिवशी रडल्या. त्यांचा गाडीवान ताक्सू शेजारीच होता.

"आता आणखी एकदा कुणाला चावला ना ताक्सू, तर त्याला मागच्या कुंपणात ठेवावं लागेल. कायमचं. तिथून मग कुणाला देता येत नाही."

"बाई, पण काय बिनसतं हो त्याचं? घटकेपूर्वी शेपूट हलवत असतो."

"मला कळलं असतं तर रडले असते का?"

मला ठाऊक होतं. सुई टोचताना कुणी 'बस' म्हणताच त्याचा जबडा दगडासारखा होई, ते मीच तर झेलत होतो. पण मला बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी मी गप्पच बसलो असतो. मागचं कुंपण मला काय वाईट? तिथे मेजू होता, मी होतो, मध्ये कुणी नव्हतं.

अशात एक दिवस प्योकाका टेकडी चढून आले. उभा जन्म त्यांनी एका मोठ्या हॉटेलच्या दारावर उभं राहून काढला होता. येणाऱ्याला वाकून "या, बसा" आणि जाणाऱ्याला वाकून "पुन्हा या". बायको वारल्यावर घर खायला उठलं म्हणून ते कुत्रा बघायला आले होते. पाहुणा येणार म्हणून मला मेजूच्या तोंडावर चढवलेलं होतं.

प्योकाका मेजूसमोर आले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "नमस्कार. उभे का? बसा ना."

ताक्सू खो खो हसला. "काका, कुत्रा आहे तो! तुमच्या हॉटेलात उतरायला आलेला साहेब नाही."

"सवय हो, दुसरं काय. माझ्या तोंडून अरे-तुरे निघतच नाही."

आणि मेजू बसला. मित्रांनो, त्याचा जबडा असा सैल पडला की मी त्याच्या नाकावर जरासा घसरलो. मला प्योकाकांचा त्या क्षणी इतका राग आला म्हणून सांगू!

ताक्सूला मात्र आनंद मावेना. "शाब्बास रे मेजू! बस, बस!" असं तो ओरडला आणि मेजू त्याच्या मांडीवर तुटून पडला. मी होतो म्हणून ताक्सूची मांडी वाचली. याबद्दल मला कुणी शाबासकी दिली नाही.

बांगबाई पुढे आल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, परत म्हणा बरं."

"बसा, मेजू."

मेजू बसला.

"अगं माझे आई," बांगबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "आपण सगळ्यांनी त्याला अरे-तुरे केलं. कुत्र्याला अहो-जाहो कोण करतं? कुणी करत नाही! आणि त्याला तो 'बस' तेवढा सोसत नव्हता."

"म्हणजे आता मी याला अहो म्हणू?" ताक्सू मांडी चोळत म्हणाला. "सासऱ्याशीसुद्धा मी इतक्या अदबीनं बोलत नाही बाई."

"मग दोघांशीही सुरू करा."

मेजू प्योकाकांच्या घरी गेला, पण बोलीवर. महिनाभरानं त्याला सुई टोचायला न्यायचं होतं. बांगबाई तेव्हा स्वतः येऊन बघणार होत्या. दवाखान्यात मला घातल्याशिवाय त्याला आत घेणार नव्हते, आणि मला घालताना तो चावला तर तिथूनच थेट मागच्या कुंपणात. म्हणून या वेळी मीही पिशवीतून बरोबर गेलो. पहिल्यांदाच!

गेलो आणि जोड्यांच्या कपाटापाशी टांगला गेलो. तिथून मला सगळं दिसे. मेजू काकांच्या सपाता उशाला घेऊन झोपे. मला त्या सपातांचा हेवा वाटे. काका त्याच्या भांड्यात भात वाढून "जेवून घ्या हं" म्हणत. मला भांड्याचा हेवा वाटे. शेजारची माल्सुन मासे वाळत घालायची, ती कुंपणावरून ओरडे, "काय हो, कुत्र्याला अहो आणि मला नुसतं 'माल्सुन' होय?" पण चार दिवसांत तीही "मेजूसाहेब, माझ्या माशांकडे बघू नका" असं म्हणायला लागली. गल्लीतले सगळे त्याला मान देऊ लागले. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

मी त्या सुईच्या दिवसाची वाट बघत होतो. त्या दिवशी तो झटापट करणार, चावणार आणि आम्ही दोघं परत जाणार. मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

तो दिवस आला. बांगबाई जाडजूड हातमोजे घालूनच आल्या. ताक्सू दाराशी दोरी घेऊन उभा राहिला. काकांनी मला काढलं. मला बघताच मेजूचे कान मागे गेले, ओठ वर उचलले गेले. माझी आशा पालवली.

"धरू का काका?" ताक्सूनं विचारलं.

"नको. त्यांचं तोंड आहे, त्यांना विचारायला हवं." काका जमिनीवर बसले. त्यांनी मला दोन्ही हातांनी उघडून पुढे धरलं आणि आत सुकवलेल्या रताळ्याचा तुकडा ठेवला. "मेजू, थोडा त्रास देतो. सवडीनं या."

मेजूनं काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा काकांकडे पाहिलं. मग तो एक पाऊल पुढे आला, थांबला, आणि त्यानं आपलं चौकोनी तोंड स्वतःहून माझ्यात घातलं.

बांगबाईंनी हातमोजे काढून टाकले आणि त्या पुन्हा रडल्या, पण हे रडणं निराळं होतं. "काका, हा तुमचाच," एवढंच त्या म्हणाल्या.

आजवर कुणी माझ्याकडे असं आपण होऊन आलं नव्हतं. मी आनंदानं फुटलो असतो. पण मी मेजूला आतून ओळखतो, मित्रांनो. त्याचा श्वास माझ्यावर होता आणि डोळे माझ्या पट्ट्यांमधून काकांवर. तो माझ्याकडे आलाच नव्हता. काकांपर्यंत जायची वाट माझ्यातून जात होती, म्हणून तो आला.

तेव्हा तुमच्या दारी कधी एखादं चावरं जनावर आलं, तर मला आणायला धावू नका. त्याला कोणता शब्द बोचतो ते आधी शोधा, आणि तो शब्द सोडून द्या. मग माझी गरजच पडणार नाही. हे सांगताना माझा अजूनही जळफळाट होतो आहे. तरी सांगतो, मला नका आणू.