फादरना सांगितलं होतं

दोघी बहिणी. थोरली शिवणकाम करायची, धाकटी पलीकडच्या गल्लीत लाँड्री चालवायची. आईच्या आजारपणात थोरली एकदा वैतागून बोलून गेली, "तू काय, पाहुणी. येतेस, चहा पितेस, जातेस." आई गेली आणि दोघींचं बोलणंही बंद झालं. दोघी हट्टाला पेटलेल्या. चर्चमध्येसुद्धा एक डावीकडच्या बाकांवर, दुसरी उजवीकडच्या.

कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला मात्र दोघी एकाच म्हाताऱ्या फादरांकडे. थोरली जाळीपाशी गुडघे टेकून म्हणायची, "फादर, मी तिला नको ते बोलले. ती दिसली की जीव तुटतो." धाकटीही कधीतरी त्याच जागी येऊन सांगायची, "आईसाठी ताईनं किती खस्ता खाल्ल्या, मला कळतं. पण तिच्यासमोर तोंडच उघडत नाही." फादर दोघींना देवाच्या नावानं क्षमा द्यायचे आणि एकच बजावायचे, "जा, तिलाच सांग हे."

पण त्या कसल्या जातायत? दोघींच्या डोक्यात एकच खूळ: फादरांच्या कानावर घातलंय, आता तेच योग्य वेळ बघून तिकडे पोचवतील. जसे काही फादर म्हणजे पोस्टमन! इकडे फादरांची कोंडी. त्यांच्या एका वाक्यानं सगळं मिटलं असतं. पण कन्फेशनमध्ये ऐकलेलं बाहेर काढायचं नाही, शब्दानं नाही आणि खुणेनंही नाही. झगा धुवायला द्यायला लाँड्रीत गेले, तरी ते हवापाण्याचं बोलून परत यायचे. त्यांना त्याचा त्रास व्हायचा, फार व्हायचा.

अशातच धाकटी एका दुपारी झोपेतच गेली.

दफन झालं, माणसं पांगली. थोरली फादरांपाशी आली.

"फादर, तिनं कधी माझ्याबद्दल काही सांगितलं तुम्हाला?"

ओठांवर आलेलं फादरांनी गिळलं. "तिथं कोण काय बोललं, ते मला सांगता येत नाही, बाई. माणूस गेल्यावरही नाही."

"सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही?"

"कुणालाच नाही."

थोरलीनं मान हलवली. नियम म्हणजे नियम, तिला पटलं. मग हळूहळू तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी तुम्हाला सांगितलेलं... तेही तिला..."

फादरांनी तिचा हात हातात घेतला.

"नाही," ते म्हणाले. "तिला काहीच कळलं नाही."