दुसऱ्या खेपेची तयारी

वडील तिच्या खाटेवर उभे राहून भिंतीचं माप घेत होते. टेपचं एक टोक त्यांनी कोपऱ्यात अंगठ्याने दाबलं आणि डबी तिच्यापुढे केली.

“धर जरा. ताणून. झोळ पडू देऊ नकोस.”

बॅगेतला हात काढून तिने डबी धरली. जमिनीवर तिचा पसारा पडला होता. मागच्या खेपेला परदेशी कामावर जाताना तिने घर पाठीवर घेतल्यासारखं सामान नेलं होतं. त्यातल्या कितीतरी कपड्यांची तिकडे घडीसुद्धा मोडली नाही, आणि जे हवं होतं ते नेमकं इथे राहिलं. कोरे बूट घालून गेली, तर टाचा सोलवटून निघाल्या. एकुलता एक चष्मा लिफ्टच्या खड्ड्यात पडला. दाढ दुखायला लागली तीही तिकडेच; कळ मारते म्हणजे काय होतं, हे परक्या भाषेत डॉक्टरला सांगता सांगता तिला रडू फुटलं होतं. आता लिफ्टदुरुस्तीच्या त्याच कामावर ती पुन्हा निघाली होती, पण शहाणी होऊन. बूट घरातच वापरून मऊ केले होते, चष्मे दोन घेतले होते, दाढ भरून झाली होती.

“फोटो लावणार वाटतं माझा?” तिने विचारलं. “एवढा मोठा नको हं. माणूस गेल्यासारखं दिसतं.”

खाली वडिलांचं फ्रेमचं दुकान होतं. गल्लीतल्या सगळ्यांचे आजी-आजोबा त्यांनीच काचेत बसवले होते.

ते खाटेवरून उतरले. टेप सर्रकन डबीत गेली.

“फळी मारायचीय. पुस्तकांना.”

“कुणाच्या?”

“मास्तरांच्या.”

मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. रोज दुकानात पेपर वाचायला येत आणि वाचून झाला की त्यावरून भांडत बसत.

“त्यांच्या मालकाने घर विकलं,” वडील म्हणाले. “तू गेलीस की ते इथे राहायला येतील.”

“इथे? माझ्या खोलीत?”

“मग काय गच्चीवर ठेवू त्यांना?”

तिला हसू आलं नाही. मघाशीच घडी घातलेला शर्ट तिने उलगडला आणि पुन्हा घडी घालू लागली.

“मी परत येणार आहे, बाबा.”

“ये की. तू आलीस की मास्तर बाहेरच्या खोलीत झोपतील. तसं बोलणं झालंय आमचं.”

वडील खाटेच्या कडेला टेकले आणि नखातला वाळका डिंक खरवडू लागले.

“मागच्या वेळी तुझी तयारी कमी पडली म्हणतेस,” ते म्हणाले. “माझी तर झालीच नव्हती गं. दोघांचा चहा टाकायचो आणि एक कप ओतून द्यायचो. या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात घेऊन हिंडलो. गिऱ्हाईक समोर बोलतंय आणि माझं लक्ष फोनकडे. तू विचारायचीस, जेवलात का. मी हो म्हणायचो.”

“जेवत नव्हता?”

“एकट्यासाठी कोण गॅस पेटवतं?”

तिने मान खाली घातली. तिकडे झोप आली नाही की ती मनाने या खोलीत यायची. दार लोटायची, खाटेच्या पायथ्याशी पडलेलं सकाळचं ऊन बघायची. सगळं जिथल्या तिथे आहे या भरवशावर तिचा डोळा लागायचा. ते आता बोलून काय उपयोग?

ती उठली आणि कपाटातले आपले कपडे उपसून खाटेवर टाकू लागली.

“दोन फळ्या मारा,” ती म्हणाली. “एकीत काय होतंय मास्तरांचं?”

ती गेली. मास्तर आले. फोनवर सगळं ठीक असल्याचं कळत राहिलं.

एकदा दुपारच्या सुट्टीत तिने घरी फोन लावला. घरी तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ होती.

“जेवतोय गं. नंतर करतो,” वडील म्हणाले.

मागच्या खेपेला ‘ठेवते आता’ असं दरवेळी तिलाच म्हणावं लागे, तेही दोनदा-तीनदा.

तिने फोन कानावरून खाली घेतला. पण तो बंद झालेला नव्हता. वडिलांनी तो तसाच ताटाशेजारी ठेवला असावा.

“हे भाजीत मीठ आहे की मिठात भाजी?” मास्तरांचा आवाज आला.

“मी बरोबर टाकलं होतं. नंतर तुम्ही टाकलंत.”

“म्हणजे बेरीज झाली.”

वडील हसले. खो खो, पार ठसका लागेपर्यंत. पाण्याचा पेला सरकल्याचा आवाज आला. असं हसणं तिने आई होती तेव्हा ऐकलं होतं, त्यानंतर नाही.

तिने फोन टेबलावर भिंतीला टेकवून उभा केला. आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून डब्याचं झाकण अगदी हळू काढलं. तेवढ्यात कामावरचा सोबती समोर येऊन बसला आणि काहीतरी विचारू लागला. तिने ओठांवर बोट ठेवलं.

“घरी जेवणं चाललीयत,” ती कुजबुजली, आणि तिने पहिला घास घेतला.