ओळखवहीतलं उत्तर

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर परतले, तेव्हा माझ्या काउंटरवर दुसरीच मुलगी बसली होती. मला तळघरातल्या दप्तरखान्यात पाठवलं. आमची बचत बँक महिनाअखेर एका मोठ्या बँकेत विलीन होणार होती आणि त्याआधी तिचा इतिहास छापायचा होता. "अध्यक्षांचे फोटो, इमारतीचे फोटो, मधे मधे थोडा मजकूर भर," हेडक्लार्क म्हणाले. त्यांना आम्ही पाठीमागे नियमकाका म्हणायचो. एव्हाना त्यांनाही ते ठाऊक झालं होतं.

खाली दिवसभर कोणी फिरकायचं नाही. बाळ घरी सासूबाईंजवळ. दुपार झाली की दूध दाटून यायचं, ब्लाउज ओला व्हायचा, आणि समोर पंधरा अध्यक्ष मिशांना पीळ देऊन बसलेले. कधी कधी मी त्यांच्याशीच बोलायचे.

तिथे मला ओळखवह्या सापडल्या. दोरखंडाच्या दुकानामागच्या खोलीत बँक सुरू झाली, तेव्हा खातेदार म्हणजे सुतार, धोबी, मोलकरणी. सही येणारे थोडेच, आणि राबणाऱ्या हाताचा अंगठा कधी उमटतो, कधी नाही. म्हणून पहिल्या कारकुनाने युक्ती काढली होती. प्रत्येकाने आपला एक प्रश्न द्यायचा आणि त्याचं आपल्यालाच ठाऊक असलेलं उत्तर. बकरीचं नाव काय? महाराणी. बापाने जाताना काय दिलं? शिवी. वाचून मी मोठ्याने हसले. मग ते कुणाला सांगावं म्हणून वर पाहिलं, तर पंधरा मिशा.

गुरुवारी नियमकाका स्वतः जिना उतरून आले. मागून एक म्हातारी भिंत धरून येत होती. जन्मभर लाँड्रीत इस्त्री करून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. वरच्या यंत्राला तिचा अंगठा दिसेचना.

"ओळखपत्रावर एक नाव, खात्यावर घरचं टोपणनाव," नियमकाका म्हणाले. "वही काढ. तो नियम अजून रद्द झालेला नाही. शनिवारी होईल."

"शनिवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर वृद्धाश्रमातली खाट जाईल माझी," म्हातारी स्टुलावर टेकत म्हणाली. "खिडकीजवळची आहे. मोठ्या बँकेकडे अर्ज केला तर सहा महिने लागतील म्हणे. सहा महिन्यांचा भरवसा मी कुणाकडून आणू?"

मी तिचं पान काढलं.

"दोनदाच विचारायचं," नियमकाकांनी बजावलं. "सुचवायचं नाही. मानसुद्धा डोलवायची नाही."

"संध्याकाळी दार कोण उघडतं?" मी वाचलं.

"मीच की," म्हातारी म्हणाली. "कुलूप मी लावते, मीच काढते. दुसरं आहे कोण?"

वहीत लिहिलं होतं, धाकटी.

नियमकाकांनी पेन्सिलने समासात एक फुली मारली. पन्नास वर्षांपूर्वी लिहून घेणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसेल, की उत्तर बदलूही शकतं. तिने खरं तेच सांगितलं होतं आणि तिथेच ती चुकली होती.

"काका, खातं कधी उघडलं ते सांगितलं तर चालेल?"

त्यांनी छताकडे पाहिलं. "तारखेबद्दल नियम नाही."

मी माझं स्टूल तिच्याजवळ ओढलं. "आजी, हा प्रश्न आजचा नाही. खातं उघडलंत तेव्हा तुम्ही सव्वीस वर्षांच्या होतात. त्या दिवशीचं सांगा. संध्याकाळी दार कोण उघडतं?"

ती गुळगुळीत अंगठा बोटावर घासत राहिली. मला वाटलं, गेली खाट.

"वाजवायला लागायचंच नाही," ती हळूच म्हणाली. "पावलं ओळखायची माझी. आधी कडी काढायची, मग भांडायची, एवढा उशीर का म्हणून. स्वतः मात्र जेवायची थांबलेली. शंभरदा सांगितलं, जेवून घेत जा. ऐकेल तर शपथ. हट्टी मेली."

मी ओठ घट्ट मिटून बसले. नियमकाका उगाच खाकरले.

"धाकटी," म्हातारी म्हणाली. "बहीण माझी. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. आता धाकटी म्हटलं तर कुणाला कळणार, म्हणून म्हणतच नाही मी."

"जुळलं," नियमकाका म्हणाले. खिशातून खोडरबर काढून त्यांनी ती फुली स्वतः खोडली, कागदावर फुंकर मारली आणि शिक्का उठवला.

म्हातारीने पिशवीतून वृद्धाश्रमाचा फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. बाकी सगळं कुणीतरी भरून दिलं होतं. 'तातडीच्या वेळी कोणास कळवावे' एवढंच रिकामं होतं.

"तुझं घालू का गं? नुसतं भरायला. रिकामं असलं की घेत नाहीत." मग माझ्या ओल्या ब्लाउजकडे बघून घाईघाईने म्हणाली, "बोलावणार नाही हो मी. लेकरू लहान आहे तुझं."

मी माझं नाव लिहिलं, नंबर लिहिला. पुढे 'नाते' असा रकाना होता.

"इथे काय लिहू, आजी?"

तिने रकान्यावरून अंगठा फिरवला. "खोटं नको. बँकेतली, असं लिही."

"बँक शनिवारी संपतेय," नियमकाका म्हणाले.

"तरी लिही," ती म्हणाली. मी लिहिलं.