साहेबांसाठी आणलेला सोफा

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. घरी कुणी आले की त्यांना कौतुकाने माझ्यावर बसवतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होते. का, ते आज सांगून टाकतो.

माझा जन्म एका गल्लीतल्या सोफेवाल्याकडे झाला. लाकडी सांगाडा, त्यावर स्प्रिंगा, मग फोम आणि वरून लालभडक रेक्झिन. दुकानदार येईल त्याच्यापुढे माझी तारीफ करायचा, त्यामुळे मी चांगलाच शेफारलो होतो. आपल्याला कोणत्या पैशाने विकत घेतले जाईल, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलाही नाही.

मला घेतले एका वेल्डरने. त्याच्या कारखान्यात कामगारांसाठी शिक्षण-बचतीचे खाते होते. पगारातून दरमहा थोडे पैसे त्यात जात, मालकही त्यात भर घालत, आणि त्या पैशांवर कर लागत नसे. अट एकच, पैसे नवीन काम शिकण्यासाठीच काढायचे. दुसऱ्या कशासाठी काढले तर मालकाची भर परत जाई, कर भरावा लागे आणि वर दंडही बसे. वेल्डरने वर्षानुवर्षे पोटाला चिमटा काढून ते खाते जपले होते.

एक दिवस फोरमन त्याला म्हणाला, “रविवारी तुझ्या घरी येतो.” झाले! वेल्डरच्या तोंडचे पाणी पळाले. घरात खुर्च्या दोनच, त्यातली एक लंगडी.

“अहो, ते तुम्हाला भेटायला येतायत, फर्निचरला नाही,” बायको म्हणाली.

“अगं, एवढा मोठा माणूस. त्यांना लंगड्या खुर्चीवर बसवू? काय तोंड दाखवू मग कारखान्यात?”

त्याने खाते मोडले. कराने आणि दंडाने मोठा लचका तोडला. उरल्या पैशात मी आलो, आणि दारातून आत शिरताना चौकटीचा रंगही खरवडला.

रविवारी फोरमन आला आणि माझ्यावर ऐसपैस बसला. मी फुगून गेलो होतो. चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, “मुद्दाम घरी आलो, कारखान्यात चारजण कान टवकारून असतात. आपल्याकडे आपोआप वेल्डिंग करणारं यंत्र येतंय. ते चालवायचा वर्ग उद्यापासून आहे. जागा एकच आहे आणि मी तुझं नाव सांगून आलोय. फी तुझ्या शिक्षणाच्या खात्यातून भर. आहेत ना तेवढे पैसे?”

वेल्डरने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

“साहेब, सध्या जरा अडचण आहे.”

“अडचण? कसली?” फोरमनने खोलीभर नजर फिरवली. मग माझ्या हातावर थाप मारून म्हणाला, “सोफा छान आहे हां.”

यंत्र आले. ते चालवायला दुसराच कुणी शिकला. वेल्डर आधी दुरुस्तीच्या कामावर गेला, नंतर गोदामात. त्याने मला कधी दूषण दिले नाही, पण तो माझ्यावर कधी बसलाही नाही. जेवून उठला की लंगडी खुर्ची ओढून भिंतीला टेकवायचा आणि तिच्यावर बसायचा. पाहुणे माझी स्तुती करत, तो खाली पाहत असे. मला वाटे, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावे.

बायको त्याच कारखान्यात खोकी भरायची. तिने स्वतःचे शिक्षण-बचतीचे खाते उघडले. तिला जड खोकी उचलून नेणारी फोर्कलिफ्ट गाडी चालवायला शिकायचे होते. टीव्ही बिघडला तेव्हा तीच म्हणाली, “काढू का त्यातले थोडे?”

“त्या पैशाला हात लावायचा नाही!” वेल्डर एवढा ओरडला की ती दचकली. मग हळूच म्हणाला, “एकदा लावला, तेवढं पुरे.”

मित्रांनो, आम्हा वस्तूंनाही घर हवे असते. आम्हाला जरूर आणा, जपा, आमच्यावर चहा सांडला तर लगेच पुसा. पण कुणाच्या शिकण्याचे पैसे मोडून आम्हाला आणू नका. त्या घरात आम्हाला मान वर करता येत नाही.

काल बायको फोर्कलिफ्टची परीक्षा पास होऊन आली. ती माझ्यावर बसली आणि शेजारची जागा थोपटत म्हणाली, “बसा आता तरी.”

तो आला आणि अगदी कडेला बसला. मी श्वास रोखून धरला होता. तरीही माझी गंजलेली स्प्रिंग कुईऽऽ करून ओरडलीच, आणि तो चटकन उठून उभा राहिला.