कंसात फक्त विचारायचं

पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक हिरवा चौकोन, नखाएवढा. येतो आणि जातो.

जाड भिंगांचा एक चष्मा, टेबलाच्या दुसऱ्या खणात. आता घरात कुणाचाच तो नंबर नाही.

"आई, माझा एकच मोजा सापडतोय."

‘इथे पोचणं शक्यच नाही. पोचलास तर उठ, पाणी पी आणि मला हाक मार.’

एका माणसाचं कंत्राट शुक्रवारी संपतं. आज बुधवार आहे.

"डीबगमध्ये दाखवा ना मला तो चौकोन," पाहुणा म्हणत होता. "एकदा दाखवा, मी इथेच कान पकडतो."

"डीबगमध्ये येत नाही हेच तर दुखणं आहे," टीमचा प्रमुख म्हणाला. त्याच्या माघारी सगळे त्याला वेळापत्रक म्हणत. "रिलीजमध्ये येतोय. आणि नव्या चिपचं काम तू केल्यावरच यायला लागलाय. त्याआधी कधी आला होता?"

"त्याआधी नवी चिपच नव्हती."

"तेच म्हणतोय मी."

पाहुणा परत आपल्या पडद्याकडे वळला. चार वर्षं तो या टीममध्ये होता, दर वेळी सहा महिन्यांच्या कंत्राटावर, म्हणून पाहुणा. शुक्रवारी पुढच्या सहा महिन्यांचं ठरणार होतं, आणि चौकोनाचं खापर कुणाच्या माथी फुटणार हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं.

"वहिनी, तुम्ही बघता का जरा?" वेळापत्रक म्हणाला.

वहिनींनी मान डोलावली.

त्यांना वहिनी का म्हणत, तो एक विनोदच होता. या कंपनीत आधी त्या आल्या. नवरा दोन वर्षांनी आला, आणि काम त्यांच्याच हाताखाली शिकला. पण पहिल्याच आठवड्यात तो सगळ्यांचा दादा झाला, आणि लग्न झाल्याबरोबर या आपोआप वहिनी झाल्या. "ही बढती समजू की बदली?" असं त्यांनी तेव्हा विचारलं होतं. दादा सहा वर्षांपूर्वी गेला. वहिनी हे नाव राहिलं.

काम म्हणजे ड्रायव्हर लिहायचं. एखादा खेळ म्हणतो, इथे झाड काढ. पडद्यावर चित्र काढणाऱ्या चिपला झाड कळत नाही. मधे बसून तिला तिच्या भाषेत समजावतो तो ड्रायव्हर. त्याच्या दोन प्रती निघत. घरात वापरायची ती डीबग, ग्राहकाकडे जाणारी ती रिलीज. डीबगमध्ये पावलापावलावर पहारे बसवलेले असत, त्यांना असर्ट म्हणत, आणि प्रत्येकाचा प्रश्न कंसात लिहिलेला असे. मेमरी मिळाली ना? आकडा शून्य तर नाही ना? उत्तर चुकलं की ड्रायव्हर जागच्या जागी थांबे आणि पडद्यावर निरोप येई. रिलीजमधून हे सगळे पहारे काढून टाकलेले असत. सेकंदाला साठ चित्रं काढायची असताना दर पावलाला कुणी ‘कुठे निघालास’ विचारत बसलं तर झालंच मग.

दादाने कामापेक्षा पहारे जास्त लिहिले. त्याचे निरोप बोलके असत. ‘मेमरी मागतोस? आधी घरात बघितलंस का?’ किंवा, ‘ही तिसरी वेळ. आता तरी माझं ऐक.’ तो गेला तरी निरोप येतच राहिले. एखाद्या दुपारी कुणाचं तरी काही चुके आणि दादा रागवे. पाहुण्याने त्याला कधी पाहिलं नव्हतं. "पण त्यांची बोलणी सगळ्यात जास्त मीच खाल्लीत," तो म्हणे.

आणि दादाचा एक नियम होता. नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी सांगे. पुढे कुणीतरी तो छापून भिंतीवर लावला. कंसात फक्त विचारायचं, कंसात काम करायचं नाही. कारण पहारा काढतात तेव्हा कंसासकट काढतात. आत काम ठेवलं असेल तर तेही जातं.

गुरुवार, सकाळ.

वहिनींनी रिलीजची प्रत घेतली आणि अर्ध्या फायलींत पहारे परत सुरू केले. चौकोन गेला. त्यातल्या अर्ध्यांत बंद केले. चौकोन आला. हे काम डोक्याचं नाही, बुडाचं आहे, असं दादा म्हणायचा, बसून राहायचं. अकरापर्यंत एकच फाइल उरली. तिच्यात त्र्याऐंशी पहारे. मग एक्केचाळीस. मग वीस.

जेवायच्या सुट्टीआधी एक ओळ उरली.

नव्या कामात जाण्यापूर्वी चिपच्या आतला जुना मजकूर पुसून घ्यायचा असतो. पुसणं आणि पुसलं का हे विचारणं, दोन्ही कंसात. डीबगमध्ये पुसलं जात होतं. रिलीजमध्ये कधीच नाही. जुन्या चिपा तेवढं आपलं आपण पुसून घेत, म्हणून सोळा वर्षं कुणाला पत्ता नव्हता. नवी चिप सांगितल्याशिवाय काही करत नव्हती, आणि न पुसलेलं तेवढंच कोपऱ्यात हिरवं दिसत होतं.

वहिनींनी ओळीचा इतिहास उघडला, कुणी कधी लिहिली त्याची नोंद. लिहिणारा: दादा. खाली, मंजुरी देणारी: त्या स्वतः.

त्यांनी पडद्यावरची ती खिडकी बंद केली. परत उघडली. नाव तेच होतं.

पाण्याच्या यंत्रापाशी पाहुणा भेटला. कप भरून वाहत होता तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"सापडलं का काही?"

"बघतेय."

"माझंच असेल तर स्पष्ट सांगा हं, वहिनी. मी तीनदा वाचलं सगळं. आता मलाच माझा भरवसा वाटेना झालाय."

"पाणी सांडतंय," वहिनी म्हणाल्या.

जागेवर येऊन त्यांनी ओळ दुरुस्त केली. पुसायचं काम कंसाबाहेर काढलं, आत नुसता प्रश्न ठेवला. चौकोन गेला. बदलाखाली टीप लिहायची होती. त्यांनी लिहिलं, ‘किरकोळ साफसफाई’. खोटं नव्हतं ते. कुणी वळूनही बघितलं नसतं. चौकोन पाहुण्याच्या कामानंतर आला आणि वहिनींनी घालवला, एवढंच लोक म्हणाले असते. भिंतीवरचा कागद भिंतीवर राहिला असता.

टीप पाठवायचं बटण त्यांनी दाबलं नाही. पडदा तसाच ठेवून त्या घरी गेल्या.

मुलगी पंधरा वर्षांची. जेवताना पाय खुर्चीवर घेऊन बसते, बोललं तर खाली सोडते, पुन्हा वर घेते.

"आज बाबांची एक चूक सापडली," वहिनी म्हणाल्या.

"कसली?"

त्यांनी सांगितली. मुलीने ऐकून घेतली.

"बाबांनी मला दोनदा रविवारी शाळेत नेलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या वेळी तर फाटकापाशी उभे राहून घड्याळ बघत होते. म्हणे, आज सगळ्यांनाच उशीर झालेला दिसतोय."

"मला नाही सांगितलंत कधी."

"त्यांनी आइस्क्रीम दिलं होतं, सांगू नको म्हणून." मुलीने घास संपवला. "आता तुझ्या ऑफिसात काय होईल?"

"काही नाही. ज्याच्यावर आळ आलाय तो सुटेल."

"आणि सांगितलं नाहीस तर?"

वहिनींनी भाजीचं भांडं तिच्याकडे सरकवलं. "वाढून घे," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला त्यांनी ‘किरकोळ साफसफाई’ खोडलं आणि सहा ओळी लिहिल्या. काय चुकलं होतं, कधीपासून, जुन्या चिपांवर का दिसलं नाही. नव्या चिपच्या कामात दोष नाही. लिहिणाऱ्याचं नाव, मंजुरी देणारीचं नाव. वाचून पाहिलं. बटण दाबलं.

दहा वाजता वेळापत्रक त्यांच्या टेबलाशी आला आणि उभाच राहिला.

"वहिनी, नावं घालायची गरज नव्हती हो. इतिहासात असतातच की. कोण बघायला जातंय?"

"म्हणूनच घातली. कुणी बघायला गेलं नसतं."

"दादांचं नाव…"

"माझंही आहे, खाली. तेही वाच."

त्याने वाचलं होतं. त्याने भिंतीवरच्या नियमाकडे बोट केलं. "तो कागद काढू का?"

"कशाला? नियम बरोबरच आहे."

दुपारी पाहुण्याला पुढचे सहा महिने मिळाले. तो आभार मानायला आला नाही. शेजारची खुर्ची ओढून बसला, वहिनींच्या पडद्यावरची ती ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"इथे त्यांचा निरोप नाहीये," तो म्हणाला. "बाकी सगळीकडे असतो. इथे नुसताच कंस."

"हो."

"घाईत असणार."

"असेल," वहिनी म्हणाल्या, आणि नव्या प्रतीची चाचणी सुरू केली.

सोळा वर्षांपूर्वी, ज्या दिवशी ती ओळ लिहून मंजूर झाली, त्या दिवशी दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती आणि साडेबाराला ते नव्या घराच्या किल्ल्या आणायला गेले होते.