जलानंद महाराजांचा पोकळ कैलास

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात कवठे महांकाळच्या पुढच्या माळावर माणसांना उभं राहायला जागा नव्हती. जलानंद महाराजांच्या मठात चार फुटी काचेची टाकी होती. टाकीत प्लॅस्टरचा पांढरा कैलास पर्वत आणि त्याच्याभोवती सात सोनेरी मासे. भक्तानं रांगेनं यायचं, चिमूटभर बुक्का पाण्यात टाकायचा आणि म्हणायचं, "पाप सोडलं." तासाभरात पाणी काळंकुट्ट व्हायचं. मग महाराज टाकीवर भगवा पडदा ओढायचे आणि कॅसेटवर भजन सुरू व्हायचं, ते दिवसभर. संध्याकाळच्या आरतीला पडदा बाजूला झाला की पाणी आरशासारखं लख्ख!

"मत्स्यावतार! साक्षात मत्स्यावतार!" महाराज दोन्ही हात उंचावून गरजायचे. "ज्यानं बुडालेले वेद वर आणले, त्याला तुझी मूळव्याध काय जड आहे?"

यावर कुणी हसत नसे. सगळे हात जोडत आणि त्याच पाण्याचं तीर्थ बाटल्या भरभरून घरी नेत.

अशाच एका सकाळी रांगेत सांगलीचा कृष्णात उभा होता. त्याच्या पिशवीत हातोडी होती.

त्याची थोरली बहीण हरणाबाई नऊ वर्षं साखरेच्या आजाराची इंजेक्शनं घेत होती. महाराज तिला म्हणाले, "सुई टोचून घेणं म्हणजे देवावर अविश्वास." तिनं इंजेक्शनं बंद केली आणि तीर्थ सुरू केलं. तीन आठवड्यांत ती बेशुद्ध पडली. मिरजेला दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेराव्याचं जेवण झालं आणि कृष्णात थेट मठात आला. टाकी फोडायची, जमलं तर महाराजाचं टाळकंही, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण टाकीसमोर आल्यावर तो थबकला. पाणी अजून पुरतं काळं झालं नव्हतं. सांगलीत त्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. त्याला पहिल्यांदा दिसलं ते हे, की मासे पाण्याच्या वर तोंड काढून तडफडत होते. मग दिसले कैलासाच्या शेंड्यातून येणारे बारीक बुडबुडे. आणि पायथ्याशी, फटीतून डोकावणारी सायकलच्या ट्यूबची लाल पट्टी.

ती पट्टी त्यानं स्वतः बांधली होती.

चार महिन्यांपूर्वी सयाजी नावाचा माणूस दुकानात आला होता. "मोठी टाकी हाय. पानी सकाळी घान झालं तरी सांजच्याला काचंवानी पायजे." कृष्णातला असल्या कामाची भारी हौस. बाजारातला इवलासा फिल्टर बाजूला ठेवून त्यानं प्लॅस्टिकची मोठी बरणी घेतली, तिला खाली भोकं पाडली, आत आधी स्पंज, वर कोळशाचा चुरा, त्यावर धुतलेली वाळू आणि बारीक खडी भरली. विजेच्या पंपाला जोडायची हवेची नळी जाड घातली, म्हणजे पाणी जोरानं ओढलं जाईल. झाकण घट्ट बसावं म्हणून लाल पट्टी. "लय डोकं हाय तुमाला," सयाजी म्हणाला होता, आणि कृष्णात दिवसभर खूश होता. त्यानंतर सयाजी दर आठवड्याला पाच-सात सोनेरी मासे का नेतो, ते मात्र त्याला आज उमगलं. जुने मरत होते.

म्हणजे आक्काला मारणारा चमत्कार आपल्याच हातचा. टाकी फोडली तर महाराज दुसरी आणील, हे त्याला कळलं. माणसांसमोर उघडा पडला पाहिजे. हातोडी पिशवीतच ठेवून तो बाहेर पडला.

दारात रंगुबाई नावाची म्हातारी बसली होती. त्यानं सहज विचारलं, "मावशे, पानी रोज निवळतं?"

"रोज! फकस्त मंगळवारी न्हाई निवळलं. म्हाराज म्हनले, आज पाप लय जड हाय."

"मंगळवारी लाईट हुती का?"

"कुटली रं! दिसभर गेलेली." म्हातारी बोलली आणि वळून आतल्या टाकीकडे बघू लागली.

कृष्णात हरणाबाईच्या नवऱ्याकडे गेला. लालासाहेब फौजेतले निवृत्त हवालदार. बायकोला मठात त्यांनीच नेलं होतं.

"तिचे भोग हुते, कृष्णात," ते म्हणाले.

"दाजी, एक दिस द्या मला. मग म्हना."

दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात टाकी मांडली, तशीच बरणी ठेवली, पंप लावला आणि लालासाहेबांच्या हातानंच बुक्का टाकवला. मंत्र नाही, पडदा नाही. दिवस कलेपर्यंत पाणी स्वच्छ. लालासाहेबांनी त्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं. मग म्हणाले, "म्या नेलं तिला त्येच्या दारात. आता म्याच हात घालनार."

रविवारी मठ तुडुंब भरला होता. आरतीला पडदा उघडला, पाणी लख्ख, महाराजांनी हात उंचावले. आणि लालासाहेब पुढे झाले. खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून त्यांनी कैलास उपसून काढला. महाराजांचा चेला सयाजी धावला.

"जाग्यावर थांब!" परेडचा आवाज अख्ख्या माळावर घुमला. सयाजी खिळला.

पोकळ कैलासाच्या पोटात बरणी होती, बरणीतून निघालेली नळी मागच्या भिंतीतल्या भोकाकडे गेली होती. कृष्णातनं भिंतीपलीकडची खोली उघडून दाखवली. आत पंप घुरघुरत होता. भजन बंद केल्यावर सगळ्यांना तो ऐकू आला. मग त्यानं बरणीतला स्पंज काढला आणि काचेच्या पेल्यात पिळला. काळी धार लागली.

"ही घ्या तुमची पापं! पंपानं पानी वढलं, बुक्का स्पंजात अडकला, उरलासुरला रंग कोळशानं धरला. ही करामत म्या केली हाय, देवानं न्हाई."

"नास्तिक! देवाचा कोप होईल!" महाराज ओरडले.

कृष्णातनं तो पेला त्यांच्या ओठांजवळ नेला. "ह्या टाकीतलं पानी माझी आक्का तीन आठवडे प्याली. आता तुमी प्या."

महाराज मागे सरकले. "शी! घाण आहे ती!"

"घान? मग आमाला तीर्थ म्हनून का पाजलंत?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. त्यानंतर जो गलका उठला, त्यात लोकांनी महाराजांना धोतराला धरून पायऱ्यांवर बसवलं. कुणी दगड उचलला. कृष्णातच्या मनात आलं, बसू दे एक. लालासाहेबांनी दगड धरलेला हात खाली केला. "पोलीस येऊ द्या. कोर्टात सगळ्यांम्होरं सांगू दे, कुनाकुनाची औषधं बंद केली ती."

पोलिसांनी गुरूचेल्याला नेलं तेव्हा कृष्णात जीपसमोर उभा राहून महाराजांच्या डोळ्यांत बघत होता. महाराजांनी मान खाली घालेपर्यंत तो हलला नाही. सूड पुरा झाला, पण छातीवरचं ओझं तसूभरही कमी झालं नाही.

रंगुबाई जवळ आली. "बाळा, माझ्या नातीच्या फिटीच्या गोळ्या म्या बंद केल्यात. म्हाराज म्हनले म्हनून."

"मावशे, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं जा. गोळ्या परत कशा द्यायच्या, ते त्येंला इचार."

मग तो गर्दीकडे वळला. "गड्यांनो, टाकीतली घान स्पंजात जाती, अंगातला रोग जात न्हाई. औषध बंद करायचं का, ते डॉक्टरला इचारा. आनि कुनी म्होरं पडदा वढला, तर हात जोडायच्या आधी मागं जाऊन बगा. माझ्या आक्कानं बगितलं न्हाई. तुमी बगा."